बगलेतला समभुज चौकोन

हणमा पैलवानाचा उजवा हात वर गेला, डावा गेला नाही.

म्हणजे खांद्यापर्यंत यायचा, पण त्याच्या वर नेला की अख्खा सदरा डावीकडून ओढला जायचा आणि पैलवानाची बेंबी पेठेला दर्शन द्यायची. त्यानं तीनदा करून बघितलं. हातात लेझीम नव्हतं म्हणून आमची कापड मोजायची लाकडी पट्टी धरली होती. तिसऱ्या वेळेला पट्टी दिव्याच्या तारेला लागली, दिवा झुलायला लागला, तेव्हा तो थांबला.

"मास्तर," तो म्हणाला, "ह्यो सदरा शिवलाय का शिक्षा दिलीय?"

निवृत्ती मास्तर चष्मा कपाळावर चढवून सदऱ्याकडे बघत होते. त्यांचा भाचा दिगू स्वतःच्या पायाच्या अंगठ्याकडे बघत होता. स्टुलावर बसलेल्या आक्का, म्हणजे मास्तरांची थोरली बहीण आणि दिगूची आई, सगळ्यांकडे आळीपाळीनं बघत होत्या. आणि मी कोपऱ्यात मान खाली घालून काज करत होते, कारण मान वर केली असती तर मला हसू फुटलं असतं. पैलवानाचा डावा हात मी अडवला होता.

आता या गोष्टीला पंचेचाळीस वर्षं होऊन गेली, तेव्हा सांगायला हरकत नाही.

वडूजच्या पेठेत निवृत्ती पोऱ्यांचं शिवणाचं दुकान होतं. मी तिथं काज, बटण आणि तुरपाई करायची. वय वीस, नववीतून शाळा सुटलेली, घरी आई आणि मी. दुकानात मशीनं दोन, पण खरा मान कटिंगच्या टेबलाचा. सागवानी, माझ्या कमरेइतकं उंच आणि मागच्या डाव्या पायानं आखूड. मास्तरांची कात्री चालली की प्रत्येक दाबाला टेबल खट् करून खाली बसायचं आणि परत वर यायचं. समोरचा भांडीवाला तेवढ्यावरून सांगायचा, आज लेंगे कापतायत का सदरे. मास्तरांना कुणी म्हटलं, पायाखाली काहीतरी घाला की, तर म्हणायचे, असू दे, मला झोप लागत नाही त्यामुळे.

त्या टेबलावर उभं राहायची मला हौस होती. हौस कसली, ध्यास होता. घरी विळीशेजारच्या गंजक्या कात्रीनं मी जुन्या वर्तमानपत्रांचे सदरे कापायची, चोळ्या कापायची, एकदा तर पैलवानाच्या मापाचा लेंगाही कापला होता. पण दुकानातली कात्री बाईमाणसाच्या हातात द्यायची नाही, असा आमच्याकडच्या शिंप्यांचा रिवाज. कुठं लिहिलेला नव्हता, म्हणून खोडताही येत नव्हता. मी मास्तरांना दोनदा विचारलं होतं. दोन्ही वेळा ते "बघू" म्हणाले होते.

मास्तर तसे फार खोडकर. नवीन माणूस दुकानात आला की त्याच्या हातात एक लांबट रुमाल द्यायचे आणि विचारायचे, हा या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तिरका दुमडला तर उरलेले दोन कोपरे एकमेकांवर बसतील का? शंभरातले नव्वद लोक म्हणायचे, बसणारच, दोन्ही अर्धे सारखेच आहेत की. मग दुमडून बघायचे, तर एक कोपरा उत्तरेला, दुसरा दक्षिणेला. हरणाऱ्यानं आडावरून दोन घागरी पाणी आणायचं. पहिल्या दिवशी मीही आणलं होतं. दिगूनं चार वेळा आणलं होतं, कारण दर वेळी त्याला वाटायचं की या खेपेला तरी बसेल.

पण मी एकदाच आणलं आणि त्यानंतर मास्तरांच्या मागेच लागले. तेव्हा त्यांनी मला सगळे चौकोन दुमडून दाखवले. आयत उभा दुमड, आडवा दुमड, काठाला काठ लागतो. तिरका दुमडलास की फसवतो. समभुज चौकोनाचं नेमकं उलटं. त्याच्या चारही बाजू सारख्या, त्यामुळे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत कसाही दुमड, घडी बसलीच. उभा-आडवा दुमडायला जाशील तर रुसतो. चौरस दोन्हीकडून गुणी, चार घड्या. राहिला समांतरभुज, आणि त्याची मास्तरांना भारी गंमत वाटायची.

"हा बघ, दिसायला समभुजाचा सख्खा भाऊ," ते म्हणायचे. "अर्धी गिरकी दे, परत आपल्या जागी बसतो. पण दुमडायला गेलीस की कुठंच जुळत नाही. उजव्या हाताचा तो उजव्याच हाताचा. पालथा घातलास तरच डाव्याचा होतो."

शाळेच्या पुस्तकात त्या घडीला सममितीचा अक्ष म्हणत. मास्तर नुसतं घडी म्हणायचे आणि मला ते जास्त कळायचं.

हे सगळं बगलेसाठी. जुन्या पद्धतीच्या सदऱ्याला बाही आणि अंग जिथं मिळतं तिथं काखेत एक तिरका चौकोनी तुकडा घालतात, त्याला चौबगला म्हणतात. त्याच्यामुळे हात वर जातो. मास्तरांकडे चौबगल्याचा निळ्या पुठ्ठ्याचा फर्मा होता, पक्का समभुज. तो ठेवायचा, खडूनं आखायचं, कापायचं. समभुज असल्यामुळे डावा-उजवा बघावा लागत नाही, एकच तुकडा दोन्ही काखांना चालतो. आणि मास्तरांचा एक नियम होता. फर्मा हातात घेतला की आधी दोन्ही कर्णांवर दुमडून बघायचा, पुठ्ठ्याची कड झिजली असेल तर तिथंच कळतं. तीस वर्षं दुमडून दुमडून त्या पुठ्ठ्यावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत फुलीसारख्या दोन खुणा पडल्या होत्या.

त्या साली नवरात्रात हणमा पैलवानाच्या लेझीम पथकाचे चोवीस सदरे आमच्याकडे आले. सदरे पांढरे, पण चौबगले लाल साटीनचे, म्हणजे सीमोल्लंघनाच्या मिरवणुकीत चोवीस जणांनी हात वर केले की काखांतून एकदम लाल चमक दिसावी. ही अक्कल पैलवानाची. साटीन त्यानं स्वतः कोल्हापूरहून आणलं होतं, बेताचंच. एका बाजूनं आरशासारखं चकचकीत, दुसऱ्या बाजूनं मढ्यासारखं फिकं.

आणि घटस्थापनेला आक्का आल्या. मास्तर आईविना वाढलेले, आक्कांनीच त्यांना लहानाचं मोठं केलेलं. आक्कांचा शब्द त्यांनी उभ्या जन्मात मोडला नव्हता. आक्कांनी आल्या आल्या पाय धुतले, चहा घेतला आणि सांगितलं की खंडेनवमीला कात्री दिगूच्या हातात द्यायची.

खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते. आमच्या दुकानात कात्री, गज, इस्त्री सगळं टेबलावर मांडून हळदकुंकू वाहायचं, आणि ज्याच्या हाती पुढं दुकान जायचं त्याच्या हातून पहिली कात्री चालवून घ्यायची. एकदा चालवली की ठरलं. मास्तरांना मूलबाळ नव्हतं. ते आक्कांना म्हणाले, "बरं." आक्कांनाही निदान "बघू" तरी म्हणायचं होतं, असं वाटून मला त्या दिवशी रडूच आलं. दिगूला सरळ रेघेत पावसुद्धा कापता येत नव्हता हो. पोरगा मनानं चांगला, पण सगळं लक्ष रस्त्यानं जाणाऱ्या एसटीकडे. हॉर्न ऐकून गाडी कुठल्या डेपोची ते सांगायचा.

आक्कांनी वर असंही ठरवून टाकलं की पथकाचे चौबगले दिगूनंच कापायचे, म्हणजे गावाला कळेल.

तिसऱ्या माळेला दुपारी मास्तर आणि दिगू जेवायला घरी गेले होते. मी फर्मा काढला, दाढीच्या ब्लेडनं त्याच्या एका बाजूची बोटभर पट्टी कापली आणि पट्टी चिंध्यांच्या टोपलीत टाकली. समभुजाचा समांतरभुज झाला. बघणाऱ्याला सहज कळणार नाही, पण दुमडणाऱ्याला पहिल्याच घडीला कळेल. फुलीच्या खुणाच आता कोपऱ्यांतून जात नव्हत्या. मी मनाशी म्हटलं, दिगूनं नियम पाळला तर तो सुटला आणि मी अडकले. नाही पाळला तर मग कात्री त्याची नव्हेच. न्याय म्हणून हे फारसं चांगलं नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांनी ट्रंकेतून फर्मा काढून न बघताच दिगूच्या हातात दिला. आधी काय करायचं ते ठाऊक आहे ना, एवढं विचारलं. दिगू म्हणाला, आहे मामा. आणि त्यानं फर्मा सरळ साटीनवर ठेवला, चकचकीत बाजू वर. अठ्ठेचाळीस तुकडे त्यानं एकामागून एक आखले, एकामागून एक कापले. आक्का कौतुकानं बघत होत्या. मास्तर दाराशी उभे राहून भांडीवाल्याशी पावसापाण्याचं बोलत होते. मी भीतीनं इतकी आखडले होते की तीन वेळा सुई बोटात गेली. टेबलसुद्धा गप्प होतं, एकदाही खट् वाजलं नाही. मला वाटलं, दिगूचा हात हलका असेल.

पाचव्या माळेला मास्तरांनी स्वतः मशीनवर बसून नमुन्याचा सदरा शिवला आणि पैलवानाला बोलावणं धाडलं. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

दिगूला आता फर्मा दुमडायचं सुचलं. घडी पडली ती भलतीचकडे. त्याचा चेहरा बघून मला हसू आलं आणि लगेच वाईटही वाटलं. त्यानं तोडगा काढला की डाव्या काखेचे तुकडे पालथे घालू, मग बसतील. बरोबर होतं ते. चार वेळा पाणी आणून एवढं तरी त्याच्या डोक्यात शिरलं होतं.

पैलवानानं एक तुकडा पालथा करून काखेत धरून बघितला.

"म्हणजे उजवी काख लग्नाला निघालेली आणि डावी मयताला," तो म्हणाला. "चोवीस जणांची. जमायचं नाही."

नवीन साटीन मिळेल का, तर कोल्हापूरच्या दुकानातलं ते ठाण संपलं होतं. आक्कांनी पदर तोंडाशी धरला. दसरा पाच दिवसांवर आणि नवमीला पूजेचा पहिला काप झाला की दसऱ्यापर्यंत कात्री कामाला लावायची नाही. पैलवान खुर्चीवर बसला, आणि तो बसला की दुकान फार लहान वाटायचं.

"कुणाला काही सुचतंय का?" मास्तरांनी विचारलं. विचारलं आक्कांच्या तोंडाकडे बघत, पण आवाज कोपऱ्यापर्यंत येईल असा.

मी उठले. मी केलेलं मलाच निस्तरायचं होतं, आणि ते निस्तरता येतं हे मी घरी वर्तमानपत्रावर आधीच करून बघितलं होतं. मी एक तुकडा घेतला. त्याच्या टोकदार कोपऱ्यापाशी आखूड बाजू उचलली आणि लांब बाजूवर आणून बरोबर काठाला काठ लावून दुमडली. वरचा पदर तिकोनी झाला, आणि त्याच्या पलीकडे खालच्या कापडाची एक बोटभर पट्टी उरली.

"हे उरलंय ते कापायचं," मी म्हणाले. "वरच्या पदराच्या कडेनं. मापायला नको, आखायला नको. उलगडलं की समभुज. मग डावं-उजवं काही राहत नाही."

"काप," मास्तर म्हणाले, आणि त्यांनी कात्री माझ्यापुढे धरली, मूठ माझ्याकडे करून.

आक्का स्टुलावरून उठल्याच. म्हणाल्या, निवृत्ती, अरे बाईच्या हातात कात्री? मास्तरांनी कात्री मागे घेतली नाही. बोलला तो पैलवान.

"आक्का, बाईनं कापू दे न्हाई तर बाप्यानं," तो म्हणाला. "माझा हात वर जाऊ दे."

कात्री मला वाटलं होतं त्याच्या दुप्पट जड होती. पहिला तुकडा कापला, उलगडला, दोन्ही कर्णांवर दुमडून सगळ्यांना दाखवला. काठाला काठ. मास्तरांनी नमुन्याचे दोन्ही चौबगले उसवले, मी तेही दुमडून कापले, आणि त्यांनी शिवण थोडी आत घेऊन परत बसवले. पैलवानानं सदरा घातला, लाकडी पट्टी घेतली आणि दोन्ही हात वर केले. दोन्ही काखांतून लाल चमकलं. दिवा परत झुलायला लागला, पण या वेळी कुणी त्याच्याकडे बघितलं नाही.

दिवेलागणीपर्यंत मी उरलेले सगळे तुकडे कापले. आक्का शेजारी बसून होत्या. आधी त्या नजर ठेवायला बसल्या होत्या, मग एकेक तुकडा दुमडून मला देऊ लागल्या.

"आता तूच सांग आक्का," मास्तर शेवटी म्हणाले. "नवमीला काय करायचं?"

आक्कांनी दिगूकडे बघितलं. दिगू दारात उभा राहून दहिवडीची गाडी चालली होती तिकडे बघत होता.

"हिलाच दे बाबा," आक्का म्हणाल्या. "हा लोकांचे हात बांधून ठेवील."

खंडेनवमीला कात्रीला हळदकुंकू वाहिलं आणि मास्तरांनी ती माझ्या हातात दिली. दसऱ्याला चोवीस जणांचे अठ्ठेचाळीस हात वर गेले तेव्हा मी आईचा हात धरून रडले. दिगू मागून येऊन कानात म्हणाला, "वच्छे, सुटलो बघ." पुढं तो एसटीत ड्रायव्हर झाला, आणि रिटायर होईपर्यंत त्याचे खाकी कपडे मीच शिवले. त्याला मी कधी सांगितलं नाही. मास्तरांनाही नाही. सत्तावीस वर्षं मी त्यांच्या टेबलावर कापत राहिले, आणि दर खंडेनवमीला कात्रीला जरा जास्तच कुंकू लावायची. चोरी करून मिळवलेली गोष्ट, असं मनात यायचंच. टेबल मात्र त्या दसऱ्यापासून कधी हललं नाही. मी धरून चालले होते की पूजेच्या साफसफाईत मास्तरांनी सुताराकडून पाय नीट करून घेतला असावा.

मग रस्ता रुंद करायचं निघालं आणि दुकान हलवायची वेळ आली. मास्तर तेव्हा चौऱ्याऐंशीचे, घरीच असायचे. दोन हमालांनी टेबल उचललं आणि मी खालचा केर काढायला वाकले. मागच्या डाव्या पायाच्या जागी फरशीला काहीतरी चिकटलं होतं. नखानं सोडवलं. तिहेरी दुमडलेली पुठ्ठ्याची पट्टी होती. बाहेरून काळी झालेली, उलगडली तर आत निळी. बोटभर रुंद.

हमाल विचारत होते की बाई, टेबल कुठं ठेवू, आणि मी पट्टी उलटीसुलटी करून बघत होते. चिंध्यांच्या टोपलीतून ती पट्टी तिथं कशी आली हे तर उघडच होतं. पण कधी आली? मग मला ती सकाळ आठवली. दिगूनं अठ्ठेचाळीस तुकडे कापले आणि टेबल एकदाही वाजलं नाही. म्हणजे पट्टी आदल्या संध्याकाळीच पायाखाली गेली होती. मास्तरांनी न बघता फर्मा दिगूच्या हातात दिला होता तो आधीच बघून झाला होता म्हणून. सगळं ठाऊक असून ते दारात उभे राहून भांडीवाल्याशी पावसापाण्याचं बोलत होते.

मी टेबल तसंच रस्त्यात सोडून त्यांच्या घरी गेले. ते अंगणात खुर्चीवर बसले होते. मी पट्टी त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी चष्मा लावला, पट्टी उजेडात धरली, कडेवरून अंगठा फिरवला.

"मास्तर, हे काय?" मी विचारलं.

"टेबल हलत होतं गं," ते म्हणाले. मग परत एकदा कडेवरून अंगठा फिरवून म्हणाले, "पण काय दातेरी कापलीयस, वच्छे. ब्लेडनं कापतात का पुठ्ठा? कात्रीनं कापायचा."

"कात्री कुठं होती माझ्याकडे?"

"म्हणूनच तर," मास्तर म्हणाले, आणि पट्टी परत तिहेरी दुमडून त्यांनी माझ्या हातात दिली.